खानदेशातील हिवाळा : बदलत्या पीकपद्धतीच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

खानदेशच्या इतिहासात दुष्काळांची नोंद ठळकपणे आढळते. १८९९-१९०० च्या दुष्काळाने गावांची मोठी हानी केली. थंडीने असा एकाएकी संहार केला नाही, म्हणून तिचा विचार अभावानेच झाला. प्रस्तुत लेखात जळगाव व धुळे जिल्ह्यांतील हिवाळा आणि तेथील शेती यांच्या बदलत्या संबंधांचा आढावा घेतला आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

भारतात हिवाळा सर्वत्र सारखा नाही. काश्मीरमध्ये तो बर्फ घेऊन येतो. कोकणात समुद्राच्या सान्निध्यामुळे सौम्य राहतो. खानदेश समुद्रापासून दूर आहे. कोरडी हवा व निरभ्र आकाश यांमुळे तापी खोऱ्यातील जमीन रात्री झपाट्याने निवते, त्यातच उत्तरेकडील थंड वाऱ्यांची भर पडते. परिणामी, उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या याच प्रदेशात, धुळे येथे, डिसेंबर २०२४ मध्ये पारा सुमारे ४ अंशांपर्यंत उतरला.

कापसाचा हिवाळा

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) भारतीय कापसाला मागणी वाढली. त्याच दशकात लोहमार्ग आल्याने खानदेशचा कापूस मुंबईच्या बाजारपेठेशी जोडला गेला. कापूस वेचणीला कोरडा हिवाळा सोयीचा ठरे. रब्बीचा गहू व हरभरा यांनाही थंडी मानवते. त्यामुळे या शेतकऱ्याच्या दृष्टीने थंडी हे संकट नव्हते, ते सुगीचे दिवस होते.

केळीचा हिवाळा

विसाव्या शतकात रावेर, यावल परिसरात विहीर बागायतीच्या आधारे केळीचा विस्तार झाला आणि थंडीचा अर्थ पालटला. केळी हे उष्ण प्रदेशातील पीक आहे. तापमान १० अंशांखाली गेले की तिची वाढ खुंटते, पाने पिवळी पडतात, निसवण लांबते आणि घड बुंध्यातच अडकतो. कांदेबागेची कोवळी रोपे तर अधिकच नाजूक असतात. बागेच्या कडेने शेवरीचे कुंपण, रात्री पाणी देणे, पहाटे काडीकचऱ्याचा धूर करणे हे उपाय शेतकऱ्यांनी अनुभवातून रूढ केले. याच केळीची मोठी बाजारपेठ उत्तर भारतात आहे. तेथे कडाका वाढला की मागणी घटते. अशा वेळी एकच शीतलाट बागेत उत्पादन आणि बाजारात भाव, दोन्ही खाली आणते.

नुकसानीची मोजणी

हवामानाधारित फळपीक विम्यात केळीसाठी कमी तापमान हा भरपाईचा निकष मानला गेला, ही महत्त्वाची घटना होय. थंडीची हानी त्यामुळे आकड्यांत मोजली जाऊ लागली. मात्र ही मोजणी पिकापुरती आहे. पहाटे बागेत पाणी भरणारा सालदार, तसेच दिवाळीनंतर सातपुड्याच्या पायथ्याची गावे सोडून ऊसतोडीच्या फडावर पाचटाच्या झोपडीत राहणारी भिल्ल व पावरा कुटुंबे या मोजणीबाहेर राहतात. त्यांची हानी घडाची नसून मजुरीची व आरोग्याची असते.

निष्कर्ष

थंडी निसर्गनिर्मित असली तरी तिचे संकटात रूपांतर होणे हे पीक, बाजारपेठ आणि श्रमव्यवस्था यांवर अवलंबून असते. कापसाच्या खानदेशात जो ऋतू सुगीचा होता, तोच केळीच्या खानदेशात चिंतेचा ठरला. म्हणून प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासकाने तापमानाच्या नोंदींबरोबरच मजुरांच्या मौखिक आठवणींचेही संकलन करणे आवश्यक आहे. अन्यथा खानदेशच्या हिवाळ्याचा इतिहास केवळ बागाईतदारांचाच इतिहास ठरेल.