तांबडं फुटायच्या आत

कॉलेजच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं सहायक होतो. त्यातले कितीतरी दिवस जालन्याच्या कुंडलिकेकाठी गेले. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली पाण्यात तिरकी बुडवायची, आत एक बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग तिथंच काठावर मँगनीज सल्फेट, त्यावर अल्कली-आयोडाइड. साका तपकिरी आला तर पाण्यात ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर नाही.

ही रीत विंकलर या हंगेरियन रसायनज्ञाची, १८८८ ची. पुढं ब्रिटनच्या सांडपाणी आयोगानं पाच दिवसांची बीओडी चाचणी ठरवली, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याची मोजणी. पाचच का? तिकडच्या नद्यांचं पाणी तेवढ्यात समुद्राला मिळतं म्हणून, असं सांगतात. आमची कुंडलिका दुधनेला मिळणार, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला. तिला तो हिशेब कुठला लागू पडायला! आपल्याकडं हीच चाचणी २७ अंशांवर तीन दिवसांची. तिकडच्याच थेम्स नदीतून घाणीपायी १८३३ च्या सुमाराला गेलेला साल्मन मासा पुन्हा सापडला १९७४ मध्ये. आपला जलप्रदूषणाचा कायदाही त्याच सालचा.

एका उन्हाळ्यात शहराखालच्या डोहात मेलेले मासे तरंगले. आम्ही दुपारी तीनला गेलो. साका गर्द तपकिरी! माशांना लिटरमागं किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. इथं तर महाशीरानंही सुखानं राहावं. सरांनी चाचणी पुन्हा करायला लावली. तेच.

जाळं झटकत बसलेले भोईकाका हसले. "मास्तर, दुपारी काय बघता? तांबडं फुटायच्या आत या. मासा वर तोंड काढून हवा गिळतो का बघा." त्यांच्या जाळ्यात नुसती मरळ होती. ती वर येऊन श्वास घेते, पाणी मेलं तरी जगते.

हिरवं शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर तोच ओढून घेतं. आमच्या पुस्तकात हे होतं की! पण नमुन्याची वेळ कॉलेजच्या घंटेनं ठरायची.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, बॅटरीच्या उजेडात बाटली भरली. दोन्ही द्रावणं घातली, बूच लावून उलटीसुलटी केली. साका पांढराफेक. काका वाकून बघत म्हणाले, "दूध झालं की हो."