मात्रेचा प्रश्न

मनोविकारांवरील औषधांच्या इतिहासांत आम्हांस औषधाच्या शोधाहून त्याच्या मात्रेची कथा अधिक उद्बोधक वाटते. मेलबर्नजवळ बंडूरा येथील रुग्णालयांत डॉ. जॉन केड यांनीं १९४८ सालीं ५ वर्षें उन्मादानें पछाडलेल्या एका गृहस्थास लिथियमचा क्षार दिला. गृहस्थ शांत झाले, घरीं गेले, कामावरहि रुजू झाले. मग, बरें वाटूं लागलें म्हणजे आपण बहुतेक करतों तेंच त्यांनीं केलें, औषध सोडलें! उन्माद परतला. औषध पुन्हां सुरू झालें, आणि १९५० सालीं त्याच्याच विषबाधेनें ते वारले. गुण देणारी मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर फार थोडें. रक्तांतील लिथियम मोजून औषध देण्याची रीत तेव्हां नव्हती. नोॲक व ट्रॉटनर यांनीं १९५१ सालीं मेलबर्नमध्येंच तें मोजण्यास आरंभ केला. घाम फार गेला किंवा जेवणांतलें मीठ एकदम तोडलें, तरी हें प्रमाण वाढतें. म्हणून आजहि हें औषध घेणाऱ्याचें रक्त ठराविक मुदतीनें तपासतात.