घंटा घाटावर गेल्या, माणसं राहिली

रेवदंड्याहून साळावच्या पुलावर आलात की गाडी जरा हळू घ्या आणि उजवीकडे बघा. कुंडलिका जिथं समुद्राला मिळते तिथं एक लांबट, अरुंद डोंगर पाण्यात शिरलेला दिसेल, सुसर ऊन खात पडावी तसा. त्याच्या पाठीवरची तटबंदी म्हणजे कोर्लईचा किल्ला. तुम्हाला मात्र किल्ल्यावर जायचं नाहीये. पर्यटक सगळे तिकडेच जातात. तुम्ही पायथ्याच्या गावात शिरा, ख्रिस्ती वस्तीकडे वळा.

एका ओट्यावर दोन बायका मासळी निवडत बसल्यात. त्यांचं बोलणं कानावर येतं आणि तुम्ही थबकता. हेल आपलाच, अलिबाग-मुरुडकडचा. पण शब्द एकही लागत नाही. कोकणी असेल म्हणून कान देता, तर तीही नव्हे. मग मध्येच एखादं मराठी क्रियापद वळण बदलून येतं, आणि तुमच्या गोंधळात भरच पडते.

ही नॉलिंग. 'नॉ' म्हणजे आपली, 'लिंग' म्हणजे भाषा. पोर्तुगिजांनी किनाऱ्यावर टाकून दिलेलं आणि इथल्या लोकांनी आपलंसं करून वाढवलेलं हे बोलणं. ती बोलणारी माणसं हजाराच्या आतबाहेर.

चर्च माउंट कार्मेलच्या मातेचं. तिचा सण १६ जुलैला, म्हणजे ऐन पावसात. सणाचा मुहूर्त कोकणातल्या माणसानं ठरवला नसणार, एवढं नक्की. आता मोबाइल खिशात टाका आणि ओल्या पायरीवर पाय जपून ठेवा.

दारातून आत शिरलात ते १९६०च्या आसपास. बाहेर धो धो पाऊस, दाराशी छत्र्या निथळताहेत. वेदीवर विधी लॅटिनमध्ये चाललाय. प्रवचनाची वेळ येते तेव्हा पाद्री पोर्तुगीज बोलू लागतात, लिस्बनच्या वळणाची. तुमच्या शेजारचा शेतकरी कान देऊन ऐकतोय. त्याला बरंचसं कळतं, सगळं नाही. आपल्याला एखादा दशग्रंथी संस्कृताळलेल्या मराठीत सुनावतो ना, तसंच. घरातली भाषा आणि देवाघरची भाषा नात्यातल्या, पण एक ओट्यावर बसणारी, दुसरी खुर्चीवर. थोड्याच वर्षांत व्हॅटिकनची परिषद चर्चला लोकांच्या भाषेत बोलायला सांगेल. इथं लोकांची भाषा म्हणून खुर्ची मिळेल ती मराठीला. ओट्यावरची ओट्यावरच राहील.

चर्चच्या मागच्या दारानं बाहेर पडा. पाऊस तोच, साल १७४०. आधीच्या वर्षी चिमाजी अप्पांनी वसई घेतली. ती गोष्ट तुम्हाला शाळेपासून पाठ आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा तुम्ही पाहिली असेल, तिच्यावर १७२१ साल कोरलंय. चर्चमधून आणलेली ती वसईच्या विजयाची खूण. भीमाशंकरची घंटाही तशीच. त्या घंटांकडे बघताना माझीही छाती फुगायची, अजूनही थोडी फुगते. पण त्या ज्यांना रोज पहाटे उठवायच्या त्यांचं पुढं काय झालं, हा प्रश्न मला कोर्लईला येईपर्यंत पडला नव्हता.

वसईनंतर चौलचा, म्हणजे रेवदंड्याच्या पोर्तुगीज ठाण्याचा, टिकाव लागणं शक्यच नव्हतं. तह झाला, चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. तुम्ही रेवदंड्याच्या धक्क्यावर उभे आहात. ज्यांच्याकडे जहाजात जागा मिळवण्याइतका पैसा आणि नाव आहे, ते गोव्याकडे निघालेत. पेटारे, मूर्ती, म्हातारी माणसं. मागं सातखणी बुरूज उभा आहे. तुमच्या काळात त्याचे मजले मोजायला गेलात तर सात भरणार नाहीत. खाडीपलीकडे, डोंगराच्या कुशीत, काही घरं मात्र हलत नाहीत. शिपायांच्या पोटी स्थानिक बायकांना झालेली मुलं, घरकामाचे गुलाम, खालच्या समजल्या गेलेल्या जातींतून बाटलेले. गोव्यात त्यांची वाट कोण बघतंय? आणि मागं फिरायचं तर कोणत्या पंगतीत? हिंदू शेजारी पाणी देतील, मुलगी देणार नाहीत. दक्षिणेला जंजिऱ्याच्या सिद्दीचा मुलूख. ते जिथं आहेत तिथंच राहतात, आपसात लग्नं करतात, आपसात बोलतात.

भाषा टिकली ती या कोंडीमुळे. एरवी वसईपासून मुंबईपर्यंतच्या ख्रिस्ती गावांतही असंच बोलणं होतं. गोव्याचे पंडित सेबास्तियाव रोदोल्फो दालगादो यांनी या उत्तरेकडच्या बोलीवरचा अभ्यासही १९०६ साली प्रसिद्ध केला. पण तिकडच्यांना इंग्रजांच्या राज्यात नोकऱ्या मिळाल्या. १८८७मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नावही घेतलं. बोली हळूहळू विरली. कोर्लईला कोणी नोकरी द्यायला आलं नाही.

अजून मागं जायचंय? मग भराभर चला, कारण पुढं सगळा तोफांचा धूर आहे. १५९४, निजामशाहीकडून पोर्तुगिजांनी हा डोंगर घेतला. १५७०, मुर्तझा निजामशहाचा चौलला वेढा, पुढच्या वर्षापर्यंत रेंगाळलेला. १५२१, निजामशहाच्या परवानगीनं चौलच्या किल्ल्याचा पाया. १५०८, याच पाण्यात विजरईचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. त्या आधी चौल होतंच, घोडे आणि कापड यांच्या पैशानं श्रीमंत. मिशनरी आले ते अशा बाजारात. रानात नव्हे.

परत या. ओट्यावरच्या बायकांची मासळी अजून संपलेली नाही. आता नीट ऐका. पोर्तुगीजमध्ये क्रियापद वाक्याच्या मध्ये येतं. इथं ते शेवटी जाऊन बसलंय, 'मी भात खाल्ला'मधल्यासारखं. अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी वर्षानुवर्षं या गावच्या भाषेचा अभ्यास केला, १९९६ साली त्यावर ग्रंथ लिहिला. पोर्तुगीज क्रियापदांचे तीन गट असतात, आकारान्त, एकारान्त, इकारान्त. कोर्लईत त्यांचंच गाणं 'काता' झालं, पिणं 'बेबे'. कोर्लईकरांनी चौथा गट घडवला, उकारान्त. मराठीतून आलेली क्रियापदं त्यात बसतात. पाहुण्यांसाठी पडवी काढावी तशी त्यांनी व्याकरणाला एक खोली वाढवली. लिस्बनला ती माहीत नाही, पुण्यालाही नाही.

मुलं मराठी शाळेत जातात. लग्नं आता गावाबाहेरही होतात, पोटापाण्याला लोक मुंबई गाठतात. जी कोंडी भाषेला जपत होती ती सुटतेय, आणि ती सुटू नये असं म्हणण्याचा अधिकार तुम्हाला नाही, मलाही नाही.

भरती चढतेय. किनाऱ्याशी एक होडी वाळूत रुतलीय, चारपाच जण तिला खांदा लावून उभे. तुम्हाला बघून एक जण हात करतो. चपला काढा, लुंगीवाल्या आजोबांशेजारी जागा धरा. कोणीतरी ओरडतं, आणि या सगळ्या परक्या बोलण्यात एक शब्द तुम्हाला लख्ख कळतो: लोटू.