शर्यतीच्या गाडीतला कॅमेरा

१९७० साली फ्रान्समध्ये ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत एक पोर्शे ९०८ चित्रपटासाठी कॅमेरे घेऊन धावली. फिल्म बदलायला सारखी थांबे. क्रमांक काही मिळाला नाही. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात बाथर्स्टच्या शर्यतीतून धावत्या गाडीतले दृश्य थेट दूरचित्रवाणीवर दिसले.

हौशी चालकाचा प्रश्न निराळा: वेळ कुठे जातो? ताशी १४४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ४० मीटर. सेकंदाला एकच नोंद घेतली तर एखादे वळणच निसटायचे! दहा घेतल्या तर दोन नोंदींत ४ मीटर. त्यातून मे २००० पर्यंत अमेरिका जीपीएसचे नागरी संकेत मुद्दाम बिघडवत असे. चूक १०० मीटरपर्यंत जाई. ते थांबल्यावर स्वस्त नोंदयंत्रे कामाची ठरली.

कॅमेरा गाडीची वाट दाखवतो. वेग नेमका कुठे घटला ते आकडेच सांगतात. एकच घ्यायचे तर आम्ही नोंदयंत्र घेऊ.