प्रमाण (गणित) : पर्याय व संबंधित शब्द

दोन गुणोत्तरे समान असली, की त्यांतील चार पदे ‘प्रमाणात’ आहेत असे गणितात म्हणतात. ६ : ९ आणि ८ : १२ या दोन्ही गुणोत्तरांचे संक्षिप्त रूप २ : ३ येते, म्हणून ६, ९, ८ आणि १२ या संख्या प्रमाणात आहेत. टोकांच्या ६ व १२ या संख्यांना अंत्यपदे आणि मधल्या ९ व ८ यांना मध्यपदे म्हणतात. अंत्यपदांचा गुणाकार मध्यपदांच्या गुणाकाराइतकाच असतो. येथे दोन्ही ७२ आहेत. चारांपैकी तीन पदे माहीत असली तर चौथे काढता येते, ते या गुणधर्मामुळेच.

प्रमाणाला सर्वांत जवळचा शब्द गुणोत्तर. व्यवहारात दोन्ही एकमेकांऐवजी सर्रास वापरले जातात. ‘सिमेंट, वाळू, खडी एकास दोनास चार या प्रमाणात घ्या’ असेच गवंडी सांगतो. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत मात्र १ : २ : ४ हे गुणोत्तर आहे. गुणोत्तर म्हणजे एकाच प्रकारच्या राशींची भागाकाराने केलेली तुलना, आणि प्रमाण म्हणजे अशा दोन तुलनांमधील समानता. हा भेद पाळणे आवश्यक आहे, कारण पुढच्या बहुतेक संज्ञा त्यावरच उभ्या आहेत. गुणोत्तरातील पहिल्या पदाला पूर्वपद आणि दुसऱ्याला उत्तरपद म्हणतात. दोन्ही राशी एकाच एककात मोजलेल्या असाव्या लागतात, आणि गुणोत्तराला स्वतःचे एकक नसते. राशी वेगळ्या प्रकारच्या असतील तर ‘दर’ हा शब्द योग्य ठरतो : तासाला किलोमीटर, किलोला रुपये, दरडोई उत्पन्न.

तीन संख्यांमध्ये पहिलीचे दुसरीशी आणि दुसरीचे तिसरीशी गुणोत्तर सारखे असेल, तर त्या परंपरित प्रमाणात असतात. उदाहरणार्थ, ४, ६, ९. यांतील मधली संख्या म्हणजे मध्यम प्रमाणपद किंवा भूमितीमध्य. तिचा वर्ग दोन टोकांच्या गुणाकाराएवढा असतो. सुवर्ण गुणोत्तर हा याचाच विशेष प्रकार आहे. रेषाखंडाचे असे दोन भाग करायचे, की पूर्ण खंडाचे मोठ्या भागाशी जे गुणोत्तर तेच मोठ्या भागाचे लहान भागाशी असेल. ते सुमारे १.६१८ येते. समान गुणोत्तरांवर करायच्या क्रियांनाही स्वतंत्र नावे आहेत : व्यस्त क्रिया, एकांतर क्रिया, योग क्रिया, वियोग क्रिया आणि योग-वियोग क्रिया.

भारतीय गणितात या सगळ्याचे जुने घर म्हणजे त्रैराशिक. आर्यभटाच्या ‘आर्यभटीय’ (इ. स. ४९९) या ग्रंथात त्याचा नियम आहे, आणि ब्रह्मगुप्तानेही (इ. स. ६२८) तो दिला आहे. त्रैराशिकातील तीन ज्ञात राशींची नावे प्रमाण, फल आणि इच्छा. फलाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागले, की इच्छाफल मिळते. म्हणजे येथे ‘प्रमाण’ हे चार पदांतील केवळ पहिल्या पदाचे नाव आहे, समानतेचे नव्हे. जुने ग्रंथ वाचताना आजचा अर्थ मनात ठेवला, तर गोंधळ ठरलेला.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) त्रैराशिकाचे केशराचे उदाहरण आहे. ३/७ निष्काला अडीच पळे केशर मिळते, तर ९ निष्कांना किती? प्रमाण ३/७, फल अडीच, इच्छा ९. नऊमध्ये ३/७ एकवीस वेळा जातात, म्हणून केशर अडीचच्या एकवीसपट, साडेबावन्न पळे. त्याच ग्रंथात व्यस्त त्रैराशिक, पंचराशिक, सप्तराशिक, नवराशिक, एकादशराशिक आणि मालाच्या अदलाबदलीसाठी भांडप्रतिभांड अशी मालिका येते. मुद्दल, मुदत आणि व्याज यांचे हिशेब पंचराशिकात बसतात. बहुतेक सगळे अंकगणित त्रैराशिकाने व्यापलेले आहे, असे भास्कराचार्यांचे मत होते आणि ते अतिशयोक्त म्हणता येत नाही. शाळेतील एकमान पद्धत हेच त्रैराशिक दोन पायऱ्यांत करते : आधी एका वस्तूची किंमत, मग हव्या तितक्या वस्तूंची.

दोन राशी बदलत असताना त्यांचे गुणोत्तर कायम राहिले, तर त्या समप्रमाणात आहेत किंवा त्यांच्यात सम चलन आहे असे म्हणतात. त्या कायम संख्येचे नाव चलनाचा स्थिरांक. एक राशी ज्या पटीत वाढते त्याच पटीत दुसरी कमी झाली, म्हणजे त्यांचा गुणाकार स्थिर राहिला, तर ते व्यस्त प्रमाण किंवा व्यस्त चलन होय. ८ मजुरांना १५ दिवस लागणारे काम १२ मजूर १० दिवसांत करतात. दोन्हीकडे गुणाकार १२०. ‘एक वाढले की दुसरे वाढते’ ही सम चलनाची व्याख्या पुष्कळदा सांगितली जाते, पण ती अपुरी आहे. १० अंश सेल्सिअस म्हणजे ५० अंश फॅरनहाइट आणि २० अंश सेल्सिअस म्हणजे ६८. दोन्ही वाढले, पण पहिले दुप्पट झाले तेव्हा दुसरे झाले नाही. म्हणून हे समप्रमाण नाही. चौरसाची बाजू दुप्पट केली तर क्षेत्रफळ चौपट होते. येथे क्षेत्रफळ बाजूच्या वर्गाच्या समप्रमाणात असते.

रोजच्या मराठीत प्रमाण दाखवणारे शब्द विपुल आहेत. पट, दीडपट, दुप्पट, निम्मे, चौथाई, हिस्सा, वाटा हे तर सर्वांच्या तोंडी असतात. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे पाढे म्हणजे पाव ते साडेतीन या पटींचे तयार कोष्टकच. ते पाठ असलेल्याला बाजारातला हिशेब तोंडीच करता येई. मराठेशाहीतील चौथ म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा. उत्तरपद १०० धरले की गुणोत्तराची शेकडेवारी होते. टक्का आणि शेकडा हे शब्द तिथलेच, आणि व्याजाच्या गणितातील ‘द. सा. द. शे.’ म्हणजे दर साल दर शेकडा. जनगणनेतील लिंग गुणोत्तर दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सांगते. २०११ मध्ये महाराष्ट्रात ते ९२९ होते.

इतर शास्त्रांतही हा शब्द आहे. रसायनशास्त्रात स्थिर प्रमाणाचा नियम येतो : शुद्ध पाण्यात हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे वस्तुमानी गुणोत्तर नेहमी १ : ८ असते. भूमितीत प्रमाणाचे मूलभूत प्रमेय समरूप त्रिकोणांचा पाया आहे. भूगोलात नकाशाप्रमाण आहे. १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावरील २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील १ किलोमीटर. राज्यशास्त्रात प्रमाणशीर प्रतिनिधित्व आणि शिल्पकलेत प्रमाणबद्धता या संज्ञाही याच कुळातल्या.

काही शब्द मात्र फक्त दिसायला सारखे आहेत. न्यायदर्शनातील प्रमाण म्हणजे ज्ञानाचे साधन : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. प्रमाणपत्रात पुराव्याचा अर्थ आहे, तर प्रमाणभाषा आणि प्रमाणवेळ यांत मानक ठरवल्याचा. संख्याशास्त्रातील प्रमाण विचलनही या दुसऱ्या अर्थाचे आहे, त्याचा गुणोत्तरांच्या समानतेशी संबंध नाही.