गर्भातील बाळाची प्रतिकारशक्ती

नवजात अर्भक रोगांपुढे सर्वस्वी निःशस्त्र असते, असा समज आहे. प्रत्यक्षात त्याच्या प्रतिकारयंत्रणेची उभारणी गर्भातच बरीच आधी सुरू होते.

गर्भाच्या रक्तपेशी प्रथम पीतक कोशात, नंतर यकृतात आणि अखेर अस्थिमज्जेत तयार होतात. आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमारास त्यांतील काही पेशी छातीतील थायमस ग्रंथीत पोहोचतात. ही जणू त्यांची पाठशाळाच. आपले कोण, परके कोण, याची पारख तेथे होते. स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या पेशी बाद होतात. उरतात त्या टी-पेशी. आईच्याही काही पेशी वारेतून गर्भात शिरतात. त्यांच्यावर हल्ला होऊ नये म्हणून गर्भ आवर घालणाऱ्या खास टी-पेशी निर्माण करतो, हे २००८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले.

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून तिचा आरंभ झाला. जन्मजात प्रतिकारहीनतेने आधीचे मूल दगावलेल्या कुटुंबांसाठी तेथे गर्भपरीक्षा केली जाते. अठराव्या आठवड्याच्या सुमारास नाळेतून काढलेल्या रक्तात टी-पेशी आढळायलाच हव्यात. त्या नसतील, तर निदान स्पष्ट होते. एरवी असे मूल जन्मतः धडधाकट दिसते व आजार काही महिन्यांनी उघड होतो, कारण तोवर आईची प्रतिपिंडे त्याला सांभाळत असतात.

ही प्रतिपिंडे, म्हणजे आयजीजी, साधारण तेराव्या आठवड्यापासून वारेतून येऊ लागतात. मात्र त्यांचा मोठा साठा शेवटच्या तीन महिन्यांतच जमतो. म्हणूनच अपुऱ्या दिवसांच्या बाळाची शिदोरी तोकडी पडते. भंडारा जिल्ह्यातील कोंढ्यासारख्या गावातल्या गर्भवतीला धनुर्वात व घटसर्पाची टीडी लस टोचतात, तीही तिच्यामुळे तयार झालेली प्रतिपिंडे याच वाटेने बाळापर्यंत पोहोचावीत यासाठी. नवजातांचा धनुर्वात ही सार्वजनिक आरोग्यसमस्या राहिली नसल्याचे भारताबाबत २०१५ मध्ये जाहीर झाले; त्यात धनुर्वाताच्या लसीचा वाटा मोठा. (पहिला चीक काढून टाकण्याची चाल मात्र घातकच, आयजीए वारेतून येत नाही, ते चिकातूनच मिळते.)

आईकडून आलेली आयजीजी दर तीन आठवड्यांनी सुमारे निम्मी होत जाते. ती शिल्लक असताना दिलेली गोवराची लस पुरेशी लागू पडत नाही. तिचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर ठेवला आहे, तो यासाठीच.