वाळूतल्या लेण्यांचा राखणदार

लेणी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर अजिंठा, कार्ले, कान्हेरी येतात. पण धम्म ज्या वाटेने चीनमध्ये गेला, त्या वाटेवर, गोबी वाळवंटाच्या कडेला दुनहुआंग नावाचं गाव आहे. तिथून पंचवीसेक किलोमीटरवर मोगाओ लेणी आहेत. इ. स. ३६६ मध्ये एका भिक्खूने तिथलं पहिलं लेणं खोदलं, असं जुना शिलालेख सांगतो. पुढे हजार वर्षं काम चाललं. चित्रांची आणि मूर्तींची ४९२ लेणी आजही उभी आहेत. महाराष्ट्रात येऊन गेलेला ह्यु-एन-त्संग मायदेशी परतला तो याच दुनहुआंगवरून.

पुढे व्यापार समुद्रावाटे होऊ लागला, वाट ओस पडली, लेण्यांत वाळू शिरली. १९०० साली वांग युआनलू नावाच्या ताओ पंथाच्या साधूला एका भिंतीमागे बंद खोली सापडली. आत हजारो हस्तलिखितं आणि रेशमावरची चित्रं! त्याने अधिकाऱ्यांना कळवलं, पण कुणी मनावर घेतलं नाही. १९०७ मध्ये इंग्रजांच्या नोकरीतले ऑरेल स्टाईन आले. ह्यु-एन-त्संगावर वांगची भारी श्रद्धा. त्याचंच नाव घेऊन त्यांनी वांगचं मन वळवलं आणि १३० पौंडांत हस्तलिखितांच्या २४ पेट्या अन् चित्रांच्या ५ पेट्या नेल्या. इ. स. ८६८ मध्ये छापलेलं वज्रसूत्र त्यातच होतं. छपाईची तारीख असलेलं ते जगातलं सर्वांत जुनं पूर्ण पुस्तक, आज लंडनमध्ये आहे. पुढच्याच वर्षी फ्रान्सचे पॉल पेलिओ आले. तेही पेट्या भरून घेऊन गेले.

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्या माणसाकडे येऊ. चांग शुहोंग, जन्म १९०४. चित्रकला शिकायला १९२७ साली फ्रान्सला गेले. युरोपची चित्रकलाच श्रेष्ठ, असं त्यांना वाटायचं. १९३५ मध्ये पॅरिसला, सीन नदीकाठच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात पेलिओंनी छापलेले लेण्यांचे फोटो हाती पडले. आपल्याच देशातला हा ठेवा, आणि त्याची पहिली ओळख परक्या मुलखात! पुढच्याच वर्षी ते मायदेशी परतले. पण जपानशी युद्ध पेटलं. पॅरिसमधल्या त्या दिवसापासून दुनहुआंगला पोचेपर्यंत आठेक वर्षं गेली.

१९४३ च्या मार्चमध्ये थोडे सोबती घेऊन, शेवटचा टप्पा उंटावरून, ते लेण्यांपाशी पोचले. चित्रं होतीच, मन हरखून जावं अशी. पण खालची लेणी वाळूने भरलेली. १९२० च्या सुमारास पळून आलेल्या रशियन सैनिकांना इथे ठेवलं होतं. त्यांच्या चुलींच्या धुराने भिंती काळ्या झालेल्या. काही ठिकाणची चित्रं १९२४ मध्ये अमेरिकेच्या लँगडन वॉर्नर यांनी सोलून नेलेली.

पाहायला आलेला माणूस मग राखायला राहिला. वाळू उपसली, जनावरं शिरू नयेत म्हणून भिंत घातली, झाडं लावली, चित्रांच्या नकला केल्या. पाणी खारट, गाव लांब. १९४५ मध्ये पत्नी सोडून गेली, पदरी दोन मुलं. त्याच साली सरकारने संस्था बंद करायचा हुकूम काढला. चांग राजधानीत जाऊन भांडले, संस्था पुन्हा सुरू करून घेतली आणि १९४६ मध्ये परत वाळूत आले. पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांचे हालही झाले. १९८७ मध्ये लेणी जागतिक वारसा ठरली. ते पाहून १९९४ साली चांग गेले.

आम्ही खात्यात यंत्रावर उभं राहून आयुष्य काढलेली माणसं. म्हणून आम्हाला त्या राजांपेक्षा आणि पेट्या नेणाऱ्यांपेक्षा हा वाळू उपसणारा माणूस जवळचा वाटतो. पेट्या गेल्या त्या फक्त परक्यांच्या हुशारीमुळे नाही. साधू कळवत होता, तेव्हा आपल्यातलं कुणी उठलं नाही, म्हणूनही गेल्या. वारसा आपला आहे, असं नुसतं म्हणून तो आपला राहत नाही. त्याला रोज कुणीतरी झाडावं लागतं. सुट्टीत पोरांना कान्हेरीला न्याल, तेव्हा भिंतीवर नावं कोरणाऱ्याचा हात धरा, आणि चांग शुहोंग यांची ही गोष्ट त्याला सांगा.